गच्चीवरचे आजोळ

उन्हाळ्याची सुटी हे शब्द उच्चारले की मराठी माणसाच्या मनात लगोलग दुसरा एक शब्द उभा राहतो, तो म्हणजे आजोळ. परसातला आंबा, माळ्यावरची आढी, अंगणातल्या खाटा, मामाची थट्टा आणि आजीच्या हातचे दडपे पोहे हे सारे त्या एका शब्दाच्या पोटात मावते. परंतु सुटी आहे आणि आजोळ मात्र नाही, किंवा आहे ते त्याच गावात आहे आणि तिथे निराळी भाषा बोलली जाते, अशा मुलांनी काय करावे? हा प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडते आहे, कारण तो माझ्या घरातला आहे.

मी जबलपूरच्या सदर भागात राहते. नागपूरच्या नातलगांना हे सांगितले की ते हमखास गोंधळतात, कारण सदर त्यांच्याकडेही आहे. लष्करी छावणीला लागून जी मुख्य बाजारपेठ वसे तिला सदर बाजार म्हणण्याची रीत होती, आणि जिथे जिथे छावण्या पडल्या तिथे तिथे अशी सदरे झाली. आमच्या सदरमध्ये पुष्कळशा गल्ल्या नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखल्या जातात. एका अंगाला पेंटीनाका, दुसऱ्या अंगाला कटंगा, मध्ये बाजार, आणि थोडे बाहेर पडले की छावणीतले रुंद, झाडांचे रस्ते. माझ्या थोरल्या नातवाला एकदा घरातल्या जुन्या मराठी कागदावर ‘सदर इसम’ असे शब्द दिसले. हा इसम आपल्याच मोहल्ल्यातला असणार, असे त्याने ठरवून टाकले. माझी खात्री आहे, अजूनही तो त्या इसमाचा पत्ता शोधतो आहे.

जबलपुरात मराठी माणूस नवा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख आधी सागरच्या मराठ्यांकडे आणि मग नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा आणि अलाहाबादकडून येणारा असे दोन लोहमार्ग जबलपुरात एकमेकांना भेटले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. कचेरी, शाळा, रेल्वे, कारखाना, अशा एकेका निमित्ताने वऱ्हाड-नागपूरची कुटुंबे इथे आली आणि राहिली. नागपूरला जाणे म्हणजे तेव्हा आपल्याच प्रांताच्या राजधानीला जाणे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. माझी आई म्हणत असे की ती रात्री निजली तेव्हा तिचे माहेर प्रांतात होते आणि उठली तेव्हा ते परराज्यात होते.

तरीही सुटी लागली की आम्ही नागपूरला जातच असू. १९६० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. जबलपूरच्या हाऊबाग स्थानकातून अरुंद रुळांची छोटी गाडी सुटे. ग्वारीघाट मागे टाकून ती नर्मदेच्या पुलावर आली की सगळ्या डब्यांतून नदीत पैसे पडत. मग साल-सागवानाचे जंगल, घाटातली धापा टाकणारी चढण, नैनपूरला गाडी बदलणे, छिंदवाडा, आणि त्यानंतर सौंसर. सौंसरच्या फलाटावर आईचा चेहरा पालटत असे, कारण तिथे फेरीवाल्यांच्या तोंडून मराठी ऐकू येऊ लागे. आम्हां मुलांना सरहद्द कळली ती अशी, कानांनी. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली. पुढे तिथे रुंद रूळ आले आणि प्रवास पुष्कळ सोयीचा झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तोवर पोहोचण्याचे ठिकाणच उरले नव्हते. महालातले मामांचे घर पाडून तिथे सदनिका उभ्या राहिल्या. मामा गेले. त्यांची मुले कुणी पुण्याला, कुणी त्याहून दूर.

आता माझ्या नातवंडांकडे येते. थोरला दहा वर्षांचा, मधली सात वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा. त्यांची आई, म्हणजे माझी सून, याच शहरातल्या गढा भागातली, हिंदी घरातली. नव्या घरी आल्यावर ती आपण होऊन मराठी शिकली, आणि तिचे उच्चार माझ्या काही भाच्यांपेक्षा शुद्ध आहेत. तरी मुलांची मातृभाषा कोणती, असा प्रश्न सरकारी कागदावर येतो तेव्हा मी लेखणी खाली ठेवते. शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर ती हिंदीच आहे. मराठी ही त्यांची बापाची भाषा, आजीची भाषा. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, गल्लीत हिंदी, खेळात हिंदी. दिवसातून मराठी त्यांच्या कानावर पडते ती जेवा, झोपा, आंघोळीला चला, एवढीच. नुसत्या आज्ञार्थाने भाषा जगत नाही.

महाराष्ट्रातल्या एका नातलगाने मला स्पष्टच विचारले, “तिथे जन्म काढायचा, तर मुलांना मराठीचा भार कशाला?” प्रश्न अवाजवी नाही. या मुलांना मराठीवर पोट भरायचे नाही. अभिमानाचे म्हणाल, तर ज्या भाषेत आपण बोलतच नाही तिचा अभिमान ही फार पोकळ वस्तू आहे. माझे कारण त्याहून साधे आहे आणि ते माझ्या घरातल्या खाटेवर बसलेले आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, वाचाही हळूहळू परतली, परंतु आली ती मराठीत. चाळीस वर्षे कारखान्यात ज्या हिंदीत त्यांनी माणसे सांभाळली ती हिंदी त्यांना ऐकून समजते, पण बोलताना हाताला लागत नाही. मराठीतही एखादा शब्द मध्येच निसटतो, आणि तो शोधताना त्यांची नजर समोरच्या माणसाच्या तोंडावर खिळून राहते. समोर नातू असला आणि त्याच्याजवळही तो शब्द नसला, तर दोघेही गप्प बसतात. ती शांतता मला सोसत नव्हती.

मागच्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस सुटी लागली त्याच आठवड्यात मधली नात गच्चीवरून धावत आली आणि म्हणाली, “आजी, कपडे सुकले, माठ सुकला, माझा गळापण सुकला!” वाक्य मराठी होते, पण त्याचे हाड हिंदी होते. हिंदीत एका ‘सूखना’वर हे सगळे भागते. आपल्याकडे कपडे वाळतात, माठ कोरडा पडतो, घशाला कोरड पडते, विहीर आटते, फूल कोमेजते, जखम सुकते. मुंबईकडे कपडेही सुकतात हे मला ठाऊक आहे. मुंबईकरांशी माझे भांडण नाही. सांगायचे एवढेच की उन्हाने पाणी नाहीसे होण्याच्या या एका घटनेकडे मराठी अर्धा डझन खिडक्यांतून पाहते, आणि त्या खिडक्या या मुलांसाठी बंद होत्या. हिंदीलाही तिच्या खिडक्या आहेत, त्यांच्याविषयी पुढे बोलेन.

मी तिची चूक काढली नाही. मूल बोलत असताना त्याला दर वाक्याला अडवले तर ते भाषा सुधारत नाही, ते आजी बदलते. जी अडवत नाही तिच्याकडे जाऊन बसते. पाटी-पुस्तक घेऊन सुटीत वर्ग भरवणे हा तर मुलांवर निव्वळ अन्याय. मग मनात आले की नागपूरच्या घरी मला तरी कुणी कुठे शिकवले होते? तिथे काम होते. कामाला हात लागत, आणि हातांना हुकूम, सूचना, सूचनेवर वाद, वादावर हसणे हे सगळे ओघाने येई. तेव्हा सून, मुलगा आणि मी असे तिघांनी ठरवले की या सुटीत दोनच गोष्टी करायच्या. घरातली उन्हाळ्याची कामे मुलांच्या हातून करवून घ्यायची आणि पहाटे उठून गावाभोवती हिंडायचे.

जबलपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना पहाट हा शब्द मी का वापरते ते कळणार नाही. पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. दहा वाजले की रस्ते रिकामे होतात आणि दुपारी लू म्हणतात तो गरम वारा दारे ठोठावीत हिंडतो. वाळवणाला मात्र असे ऊन म्हणजे वरदान. कोकणातली माझी एक मैत्रीण सांगते की तिच्याकडे पापड वाळेपर्यंत जीव टांगणीला लागतो, हवेतला दमटपणा सुटत नाही. आमच्याकडे सकाळी घातलेली साबुदाण्याची पापडी संध्याकाळी कडकडून वाजते. आमची धास्ती निराळी, ती म्हणजे धुळीची वावटळ.

आम्ही आरंभ कुरडयांनी केला. सोपे काम आधी द्यावे असे शहाणे लोक म्हणतात, परंतु मुलांना कठीण कामाचाच मान वाटतो. दोन किलो गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदलायचे, हे थोरल्याकडे. दुसऱ्या दिवशीच त्याने नाक धरले आणि “आजी, गहू सडले,” अशी वर्दी दिली. मी म्हटले, सडले नाहीत, आंबले. सडलेले टाकून द्यायचे असते आणि आंबलेले खायचे असते. हा भेद त्याने पुढे इडलीला लावला, आणि शाळेतल्या एका मित्रालाही लावला असे ऐकले. त्याचा तपशील मी विचारला नाही. चौथ्या दिवशी गहू वाटले, पिळले, गाळले. पातेल्यात पांढरे पाणी रात्रभर तसेच ठेवले. सकाळी वर पिवळट निवळी आली होती आणि तळाशी घट्ट साका बसला होता. निवळी हलक्या हाताने ओतून द्यायची असते, साका ढवळता कामा नये. हे काम सात वर्षांच्या मुलीने श्वास रोखून केले. मग चीक मापून तितकेच पाणी आधणाला ठेवले, त्यात मीठ आणि हिंग घातला, आणि चीक त्यात सोडून घाटायला सुरुवात केली. हात थांबला की गुठळी झाली. घाटणारे दमले की बदलायचे: सून, मी, पुन्हा सून. चीक चकाकू लागला, झाकणाखाली वाफ धरली, आणि तिघांच्या तीन वाट्या पुढे आल्या. गरम चिकावर तूप आणि साखर, हा कुरडयांचा कर सर्व घरांत मुलांना द्यावाच लागतो.

उरलेला चीक सोऱ्यात भरून गच्चीवर धुतलेल्या धोतरावर गोल गोल कुरडया घातल्या. पहिल्या ओळीतल्या कुरडया नकाशातल्या बेटांसारख्या होत्या. भिजवणे, आंबवणे, वाटणे, पिळणे, गाळणे, निवळणे, घाटणे, वाफवणे, घालणे, उलटणे, वाळवणे, तळणे: एका कुरडईच्या वाटेवर डझनभर क्रियापदे उभी आहेत, आणि त्यांतले एकही मला समजावून सांगावे लागले नाही. हाताने केलेल्या क्रियेचे नाव हातालाच कळते.

राखणीचे काम धाकट्याला दिले. मोठ्या छत्रीखाली पाट मांडून, हातात काठी घेऊन तो कावळ्यांशी बोलत बसे. कावळ्यांशी तो हिंदीत बोले, हे मी नोंदवून ठेवते. ते स्थानिक कावळे होते. एका दुपारी आम्ही सारे खाली पडलो होतो. पश्चिमेकडे आभाळ तांबूस झाले, पत्रे वाजू लागले, आणि जिन्याच्या तोंडाशी हा चार वर्षांचा मुलगा जिवाच्या आकांताने ओरडला, “वाळवण! वाळवण उचला!” सगळे वर धावलो. धोतराची चार टोके चौघांनी धरली आणि कुरडया, पापड, बटाट्याचा कीस असा सगळा संसार वावटळीच्या आधी खाली आणला. संध्याकाळी केसांतली धूळ झाडताना माझ्या ध्यानात आले की घाबरलेल्या मुलाच्या तोंडी जो शब्द आला तो या घरात महिन्यापूर्वी कुणी लहान मूल उच्चारत नव्हते.

दुपारी घरातली कामे चालत. कूलरच्या जाळ्यांतला जुना भुसा काढून नवा वाळा भरला. उशा उसवून कापूस उन्हात टाकला. मुलाने रजा काढून दारे रंगवायला घेतली आणि थोरला त्याच्या हाताखाली राहिला. पॉलिश पेपरने घासता घासता त्याला चौकट, बिजागरी, कोयंडा, अडसर, उंबरठा हे सगळे भेटले. स्क्रू ड्रायव्हर हा मराठीत स्क्रू ड्रायव्हरच आहे हेही त्याला कळले आणि त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. मलाही नाही. रंग देताना जिन्याच्या भिंतीवर एक तिरपी रेघ उमटून राही. तिथे सिमेंट भरलेले आहे आणि त्यावर रंग निराळा दिसतो. “ही रेघ का जात नाही?” असे त्याने विचारले, आणि बापाने ब्रश खाली ठेवला. १९९७ सालच्या २२ मेची पहाट, जबलपूरचा भूकंप. तो स्वतः तेव्हा शाळेत होता. भांडी फळीवरून कशी कोसळली, सारी गल्ली अंथरुणासह रस्त्यावर कशी आली, पुढे कितीतरी रात्री लोक छपराखाली निजायला कसे धजावत नव्हते, हे त्याने मुलाला सांगितले. माझा मुलगा मितभाषी आहे. एका बैठकीत इतके मराठी बोलताना मी त्याला वर्षानुवर्षांत ऐकले नव्हते.

त्या रेघेचा पुढचा भाग पाहायला आम्ही येत्या रविवारी मदनमहालाच्या टेकडीवर गेलो. गोंड राजांची ती चौकी काळ्या खडकांच्या माथ्यावर उभी आहे, आणि तिच्या वाटेवर एका शिळेवर दुसरी प्रचंड शिळा केवळ टेकलेली आहे. दोघींचा स्पर्श इतका थोडा आहे की मुलांनी वाकून खालची फट पाहिली आणि लगेच मागे सरली. १९९७ च्या धक्क्यात शहरातली घरे पडली, ही शिळा जागची हलली नाही. याला हिंदीत काय, इंग्रजीत काय, ते फलकावर लिहिलेले आहे. मराठीत धाकट्याने त्याचे नाव ठेवले ‘तोलून बसलेला दगड’. ते नाव आमच्या घरात आता कायम झाले आहे.

भेडाघाटाला गेलो तो दिवस मोठा होता. चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या मुले पळत चढली. दहाव्या शतकातले कलचुरी राजांच्या काळचे हे देऊळ आहे. उघड्या आभाळाखाली गोल फिरणारी ओवरी, तिच्यात कोनाड्यांतून बसलेल्या भंगलेल्या मूर्ती, आणि मध्ये गौरीशंकर. नात मोजत निघाली आणि चौसष्टला थांबेना. कोनाडे ८१ आहेत. नावात चौसष्ट आणि जागा एक्याऐंशी, हा हिशेब तिला पटेना. तिने दुसऱ्यांदा उलट्या बाजूने मोजले. मग पंचवटी घाटावरून होडीत बसलो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या, निळसर, कुठे पिवळ्या संगमरवराच्या भिंती, मध्ये हिरवे, खोल, हलतही नाही असे पाणी. नावाड्यांची एक रीत आहे. ते वल्ही मारता मारता यमके जुळवून कड्यांची वर्णने करतात, त्यात सिनेमाच्या नटनट्यांना ओढतात, आणि प्रवासी हसले की आणखी रंगतात. ‘जिस देश में गंगा बहती है’ या १९६० च्या चित्रपटाचे चित्रण इथे झाले, ते तर त्यांच्या पुराणातले मोठे पर्व आहे. ही हिंदीची खिडकी. त्या यमकांचे मी मुलांना मराठी करून सांगितले नाही. तसे करणे म्हणजे उसाच्या रसात पाणी घालणे. सुनेला मात्र माहेरची बोली ऐकल्याचा आनंद झाला आणि तिने नावाड्याला दोन यमके परत केली.

धुवाँधारजवळ बोलणे ऐकू येत नव्हते. नर्मदा तिथे एकदम खाली जाते आणि वर धुरासारखे तुषार उठतात, म्हणून ते नाव. मुले भिजली आणि गप्प झाली.

या सहलींना यजमान येऊ शकत नव्हते. पायऱ्या, वाळू आणि होडी त्यांना झेपत नाही. म्हणून परतल्यावर त्यांच्या खाटेभोवती बसून दिवस सांगायचा, अशी पद्धत आपोआप पडली. ते ऐकत आणि मध्येच विचारत. धुवाँधारचे सांगताना थोरला म्हणाला, “आजोबा, पाणी खूप जोरात पडतं.” यजमानांनी मान हलवली. पडते नव्हे, दुसरे काही. त्यांना शब्द हवा होता. हात वरून खाली आणीत ते थांबले, डोळे आमच्या तोंडांवरून फिरू लागले. मी मुद्दाम बोलले नाही. थोरल्याने आधी ‘गळतं’ म्हटले, मग ‘सांडतं’ म्हटले. भिंतीवरची रेघ आणि बापाची गोष्ट त्याला आठवली असावी. तो म्हणाला, “कोसळतं.” यजमान हसले आणि तो शब्द त्यांनी दोनदा स्वतः म्हटला. पुढे हा खेळच झाला. आजोबांचा शब्द हरवला की मुले ओंजळी भरभरून शब्द पुढे करीत: कुरडईचे, दाराचे, नदीचे, लागू पडतील न पडतील. एकदा त्यांना चकली कशाने पाडतात ते आठवेना, तेव्हा चार वर्षांच्या राखणदाराने “सोऱ्या!” असे ओरडून सांगितले. वैद्यकशास्त्र याला काय म्हणेल ते मी जाणत नाही. खाटेभोवतीची ती शांतता मात्र कमी झाली.

आता विहीणबाईंविषयी. आमच्या गच्चीवर एवढे चालले आहे हे ऐकून त्या एके दिवशी गढ्याहून उडदाची डाळ, कोहळा आणि तिळाची पुडी घेऊन आल्या. त्यांच्याकडे या दिवसांत बिजोरे आणि बड्या करतात. त्या पिठी फेसताना एक थेंब वाटीभर पाण्यात टाकून पाहत; तरंगला तर झाले, बुडाला तर आणखी फेसायची. हे मला नवे होते, मी ते उचलले. त्यांच्या घरी बडी ‘तोडतात’, आमच्याकडे सांडगे ‘घालतात’. नातीने विचारले की पिठाची बडी अजून झालीच नाही तर ती तोडता कशी. विहीणबाईंनी उत्तर दिले ते बुंदेली वळणाच्या हिंदीत, आणि ते मला निम्मेच कळले. नातीला पूर्ण कळले आणि तिने ते मला मराठीत सांगितले. त्या दिवशी गच्चीच्या पूर्वेला कुरडया आणि पश्चिमेला बिजोरे होते, आणि मुले दोन्हीकडे सारखीच हिंडत होती. आजोळ परक्या भाषेचे आहे, असे मी आरंभी म्हटले. परके ते मला, त्यांना नव्हे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ग्वारीघाटाला गेलो. उजाडत होते. पलीकडच्या काठावरचा गुरुद्वारा पाण्यात दिसत होता आणि होड्या भाविकांना तिकडे नेत होत्या. घाटावर पांढऱ्या वस्त्रांतल्या काही स्त्रिया काठ्या आणि कमंडलू बाजूला ठेवून तोंड धूत होत्या. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेल्या होत्या त्या, साताऱ्याकडच्या. नदी उजव्या हाताला ठेवून तिच्या दोन्ही काठांनी चालायचे, तिला कुठेही ओलांडायचे नाही, असा या यात्रेचा नेम आहे, आणि महाराष्ट्रातून माणसे ती करायला निघतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांतली एक वृद्धा माझ्या नातीकडे वळून म्हणाली, “कोणाची गं तू?”

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. तिला नाव विचारतात, शाळा विचारतात, इयत्ता विचारतात. ‘कोणाची’ असे तिला कुणी कधी विचारलेले नव्हते. थोडा विचार करून ती म्हणाली, “आजीची.” वृद्धा मनापासून हसली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खडीसाखरेचा खडा हातावर ठेवला. त्या निघून गेल्यावर नातीने मला हळूच विचारले, “आजी, या बायकांना आपली भाषा कशी येते?”

तिच्या हिशेबी मराठी बोलणारी माणसे जगात अकरा होती: आमचे घर, दत्तजयंतीला भेटणारी दोन कुटुंबे आणि फोनवरची एक आत्या. मी तिला सांगितले की २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी ही आपली मातृभाषा म्हणून लिहून दिली आहे. आठ कोटी म्हणजे किती, हे तिला उमगेना. आठ कोटी कुरडया गच्चीवर मावतील का, असे तिने विचारले. परतीच्या वाटेवर तिने भावाला दटावले की आता आपण रिक्षात मराठीतून कुणाविषयी वाईट बोलायचे नाही, कुणाला समजेल सांगता येत नाही.

लोणच्याच्या कैऱ्या फोडून झाल्या, बरण्यांवर फडकी बांधली, डबे भरले. थोरल्याने डब्यांवर चिठ्ठ्या लिहून लावल्या. ‘कुरडया’तला डकार त्याने बरोबर काढला आणि ‘सांडगे’ वरचा अनुस्वार विसरला, म्हणून आमच्या फळीवर आता ‘साडगे’ आहेत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आभाळ भरून आले आणि पहिला पाऊस पडला. त्या संध्याकाळी विहीणबाई आल्या होत्या. त्यांचे बिजोरे आणि आमच्या कुरडया एकाच कढईत तळल्या, यजमानांची खुर्ची दाराशी आणली, आणि सगळ्यांनी पाऊस पाहत खाल्ले. बिजोरे जास्त खुसखुशीत झाले आहेत असे मी म्हटले. नाही, कुरडयाच जास्त फुलल्या आहेत, असे विहीणबाई म्हणाल्या. आणि ते त्यांनी मराठीत म्हटले.